बाळाचे खुबे : पालकांसाठी एक पाठ

पालकहो, पायांकडून जन्मलेल्या मुलाला आपण 'पायाळू' म्हणतो. त्याने पाय लावला की पाठीतली उसण जाते, वीज कडाडली की त्याला बाहेर सोडू नये, असे जुनी माणसे सांगतात. उसणीचे व विजेचे आम्ही काही म्हणत नाही. पण पायाळू बाळाचे खुबे डॉक्टरांकडून जरूर तपासून घ्यावेत.

खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत बसलेला चेंडू. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील वाटीत फिरतो. काही बाळांची वाटी उथळ राहते आणि चेंडू सैल बसतो किंवा निसटतो. पायाळू बाळे, मुली, पहिलटकरणीची बाळे आणि ज्या घरात हा दोष पूर्वी झाला आहे तेथील बाळे यांत हे अधिक आढळते. बाळाला दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही. मूल लंगडत किंवा बदकासारखे डुलत चालू लागते तेव्हा घरात चर्चा सुरू होते.

तोवर सोपा काळ निघून गेलेला असतो. पहिल्या सहा महिन्यांत दोष कळला तर बहुतेकदा पट्ट्यांवर भागते. चेक डॉक्टर आर्नोल्ड पाव्हलिक यांच्या नावाने ते पट्टे ओळखले जातात. त्यांत बाळाचे पाय बेडकासारखे दुमडून फाकलेले राहतात, चेंडू वाटीत बसतो व वाटी खोल होत जाते. हे पट्टे आपल्या मनाने काढू नयेत. उशीर झाल्यास प्लास्टर, आणि दीड वर्षानंतर बहुधा शस्त्रक्रिया.

आपल्या लेकी बाळंतपणाला किनवटला, पैनगंगेपलीकडे यवतमाळला माहेरी जातात. तिथे न्हाऊ घालणारी बाई बाळाचे पाय सरळ ओढते, मग दुपट्यात घट्ट बांधते. हे टाळा. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास बाळाचे पाय सरळ बांधू नका अशी मोहीम झाली. शंभरात एकाहून अधिक असलेले प्रमाण हजारात दोनच्या आसपास आले. दुपटे छातीशी गुंडाळा, पाय मोकळे ठेवा. आजीची कडेवर घेण्याची पद्धत मात्र उत्तम, कारण तीत मांड्या फाकलेल्या राहतात.

लंगोट बदलताना पाहा : दोन्ही मांड्या सारख्या उघडतात का? एक गुडघा खाली दिसतो का? शंका आली तर तेलवालीकडे जाऊ नका. मालिशने किंवा व्यायामाने निसटलेला चेंडू वाटीत बसत नाही.

व्यायामाचे काम उपचारानंतर सुरू होते. प्लास्टर निघाल्यावर पाय बारीक व ताठर झालेला असतो. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर कुशीवर झोपवून वरचा पाय उचलायला लावणे, पालथे खेळू देणे, पुढे तीनचाकी सायकल, भिंत धरून एका पायावर उभे राहणे, असे टप्पे असतात. व्यायाम शिकवणारे डॉक्टर पंधरा दिवसांतून एकदा भेटतील. रोजची दहा मिनिटे आईवडिलांचीच. मूल रडते म्हणून व्यायाम सोडणारी घरे आम्ही पाहिली आहेत.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा दोष आहे. त्यांचे पथक अंगणवाडीत व शाळेत येते, तेव्हा स्पष्ट विचारा. खुब्याला तेलुगूत 'तुंटी' म्हणतात. आदिलाबादच्या रिम्समध्येही दाखवता येईल.

आणि मुलांनो, मधल्या सुट्टीत लंगडी खेळताना एखादी मैत्रीण बाजूला बसली असेल, तर तिला गडी मोजायला घ्या. नाव ठेवू नका.