खुब्याचा नवा सांधा व सावकाशीचा अभ्यास

शरीरशास्त्राच्या पुस्तकांत 'उखळीचा सांधा' हा शब्द तुम्ही वाचला असेलच. खांदा आणि खुबा हीं त्याचीं दोन ठळक उदाहरणें. मांडीच्या हाडाचें वरचें टोक चेंडूसारखें वाटोळें असतें आणि कमरेच्या हाडांतील खोलगट वाटींत तें बसतें. दोहोंवर गुळगुळीत कूर्चेचें अस्तर असल्यामुळें पाय पुढें, मागें, बाजूला असा हवा तसा फिरतो. वयोमानानें म्हणा, संधिवातानें म्हणा, हें अस्तर झिजलें म्हणजे हाडावर हाड घासूं लागतें. मग काल-परवांपर्यंत आठवड्याच्या बाजाराला पायीं जाणारा मनुष्य अंगणांतून घरांत येतांनाहि भिंतीचा आधार शोधतो. अशा वेळीं शस्त्रवैद्य तें झिजलेलें टोक काढून त्या जागीं धातूचा अथवा सिरॅमिकचा गोळा बसवितात आणि वाटीलाहि नवें अस्तर देतात.

आज ही शस्त्रक्रिया नित्याची झाली आहे; परंतु ती सहजासहजीं हातीं लागलेली नाहीं. १८९१ साली जर्मनींत थेमिस्टोक्लीस ग्लूक यांनीं हस्तिदंताचा गोळा वापरून पाहिला. १९३८ साली लंडन येथें फिलिप वाइल्स यांनीं पोलादाचा सांधा बसविला. पुढें इंग्लंडमधील रायटिंग्टन येथील रुग्णालयांत जॉन चार्न्ली यांनीं वाटीसाठीं टेफ्लॉन नांवाचें निसरडें द्रव्य घेतलें. रुग्ण झटपट चालूं लागले, सर्वत्र आनंद झाला. पण थोड्याच वर्षांत तें द्रव्य झिजलें आणि त्याच्या कणांनीं भोंवतालच्या मांसांत दाह माजविला. सुमारें ३०० रुग्णांना असे सांधे बसविले होते! चार्न्लींनीं हें अपयश झाकलें नाहीं. टेफ्लॉनचे कण स्वतःच्या मांडींत टोंचून घेऊन त्यांचा परिणाम पाहिला, आणि नोव्हेंबर १९६२ मध्यें अधिक चिवट असें पॉलिएथिलीन वापरण्यास आरंभ केला. या वेळीं मात्र त्यांनीं घाई केली नाहीं. रुग्णांची वर्षानुवर्षें पाहणी करीत ते थांबले आणि नवा सांधा इतर शस्त्रवैद्यांच्या हातीं बरेच दिवस मोकळेपणानें दिला नाहीं.

आतां घरची गोष्ट सांगतों. माझ्या थोरल्या भगिनी, ज्यांना आम्ही सर्व अक्का म्हणतों, त्यांचा उजवा खुबा त्रेसष्टाव्या वर्षीं बदलण्यांत आला. दुसऱ्याच दिवशीं सकाळीं त्या वॉकर धरून उभ्या राहिल्या. घरीं आल्यावर दिवसागणिक पाय मोकळा होऊं लागला. एकोणिसाव्या दिवशीं जखमेची खपली पडलेली, औषधानें वेदना दबलेली, आणि अंगांत उत्साह मावेना. "आज मला कांहीं झालेंच नाहीं असें वाटतें," असें म्हणून त्या काठी टेंकीत कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत जाऊन आल्या, आल्यावर उभ्यानें स्वयंपाक केला आणि वर गच्चीवर चढून कपडेहि वाळत घातले. रात्रीं मांडी सुजून टणक झाली. तीन दिवस अंथरुण सुटलें नाहीं. त्याहून वाईट गोष्ट अशी कीं, त्यानंतर त्यांनीं धसका घेतला व आठवडाभर खुर्ची सोडण्याचेंच नाकारलें. आधीं अति, मग मुळींच नाहीं. माझ्या मतें दुसरी चूक पहिलीपेक्षां अधिक घातक. कारण न हालणाऱ्या पायांत रक्त गोठण्याचें भय असतें आणि आधींच दुबळे झालेले स्नायु आणखी वाळतात.

फिजिओथेरपी शिकविणाऱ्या बाई आल्या. त्या रागावल्या नाहींत. त्यांनीं अक्कांना एवढेंच समजावून दिलें कीं, शरीराचे निरनिराळे भाग निरनिराळ्या गतीनें भरून येतात. कातडी सुमारें दोन आठवड्यांत जुळते आणि तीच तेवढी डोळ्यांना दिसते. येथेंच फसगत होते. तिच्या खालीं कापून पुन्हां शिवलेले स्नायु आणि सांध्याभोंवतींचें वेष्टन यांना पुरतें घट्ट होण्यास दीड ते तीन महिने लागतात. नवा सांधा सिमेंटानें बसविला असेल तर तो लगेच भार घेतो. खरबरीत धातूचा, सिमेंटावांचून बसविला असेल तर त्यांत हाड रुजण्यास कित्येक आठवडे जातात. आणि वर्षानुवर्षें लंगडत चालल्यामुळें क्षीण झालेले स्नायु पूर्ववत् व्हावयास कधीं कधीं वर्षहि लागतें. सारांश, वेदना थांबणें निराळें आणि सांधा तयार होणें निराळें.

मग चालावें तरी किती? बाईंनीं युक्ति सांगितली ती अशी. अगदीं वाईट दिवशींहि जेवढें निभेल तेवढें आधीं ठरवावयाचें. अक्कांच्या बाबतींत तें पांच मिनिटें ठरलें, दिवसांतून चार वेळां. पांच मिनिटें झालीं कीं थांबावयाचें, पाय दुखत असो वा नसो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं दुखणें व सूज पाहावयाची. तीं वाढलीं नसतील आणि असेच दोन-तीन दिवस गेले, तर एक मिनिट वाढवावयाचें. वाढलीं असतील तर मागील मापावर परत यावयाचें. पूर्ण बंद मात्र करावयाचें नाहीं. घरकामालाहि हाच न्याय: भाजी बसून चिरावी, कपड्यांच्या घड्या दोन वेळांत कराव्या, एका दमांत सर्व उरकूं नये.

हिशेब ठेवण्याचें काम अक्कांच्या नातीकडे आलें. ती तेव्हां नववींत होती. तिनें गणिताच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर रकाने आंखले आणि हातांत घड्याळ घेऊन ओसरीवर बसूं लागली. "आजी, वेळ झाली." "अग, आज पाय हलका वाटतो, आणखी दोन खेपा होऊं देत." "वहींत तसें लिहिलेलें नाहीं." यावर अक्कांचा इलाज चालत नसे.

याच मुलीनें मला एक प्रश्न विचारला: दुखणारा पाय उजवा, मग काठी डाव्या हातांत कां? तुम्हांलाहि हें नवल वाटेल. एका पायावर उभे राहून त्याच बाजूच्या खुब्यावर बाहेरून हात ठेवा. तेथील स्नायु ताठ झालेले लागतील. येथें खुब्याचा सांधा हा तरफेचा टेंकू. देहाचें वजन त्याच्या आंतल्या बाजूस लोंबतें, आणि बाहेरचे स्नायु तें तोलून धरतात. परंतु वजनाची भुजा स्नायूंच्या भुजेच्या दुपटीहून लांब. म्हणून स्नायूंना फार जोर करावा लागतो आणि दोहोंचा मिळून भार सांध्यावर येतो. तो देहाच्या वजनाच्या सुमारें अडीच ते तीनपट असतो! साठ किलोच्या मनुष्याच्या सांध्यावर दीडशें किलोंहून अधिक. काठी पलीकडच्या हातांत असली म्हणजे तिची भुजा फार लांब होते, आणि हातानें दिलेला थोडासा रेटाहि पुष्कळ भार उचलतो. ती लवकर टाकणें हा पुरुषार्थ नव्हे. जिन्यावर मात्र चढतांना चांगला पाय आधीं, उतरतांना दुखरा पाय व काठी आधीं.

आपल्या घरांची रीत या रुग्णांना जरा अवघडच. पाट, मांडी घालून जेवणें, उकिडवें बसण्याचें शौचकूप, उंबरठे, ओली मोरी! पहिले कांहीं महिने खुबा काटकोनापेक्षां अधिक वांकवूं नये, पायावर पाय टाकूं नये, पाऊल आंत वळवूं नये असें बहुधा सांगतात. कारण गोळा वाटींतून निसटण्याचें भय याच काळांत विशेष. शस्त्रक्रिया कोणत्या बाजूनें केली यावर हे निर्बंध कमी-अधिक असतात, तेव्हां ते स्वतःच्या शस्त्रवैद्यालाच विचारावे. पालकांनीं हातांची उंच खुर्ची आणि शौचकूपावर उंच बैठक आधींच आणून ठेवावी, सतरंज्या गुंडाळून ठेवाव्या. मुलांनीं खालीं पडलेली वस्तु उचलून द्यावी; हें काम लहान नाहीं. आणि पोटरी एकाएकीं सुजून दुखूं लागली, दम लागला, छातींत दुखलें, ताप आला, जखम पाझरूं लागली, किंवा पाय आखूड होऊन भार घेईनासा झाला, तर वही मिटून तत्काळ वैद्यांना कळवावें.

चौथ्या महिन्यांत शाळेचें स्नेहसंमेलन होतें. अक्का काठी घेऊन आल्या आणि वाटेच्या कडेच्या खुर्चीवर बसल्या. नाटक ऐन रंगांत असतां अर्धा तास झाला. नातीनें रंगमंचावरूनच, दासीच्या वेषांत, मनगटाकडे बोट दाखविलें. आणि अक्का निमूटपणें उठून व्हरांड्यांत दोन खेपा घालावयास गेल्या.