जवळ गेलं की कळतं

सिंदखेडराजा तालुक्यातल्या एका गावात मी आशा म्हणून काम करते. दवाखान्यात बाळंतपण झालं असलं की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी त्या घरी जायचं, बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, आईची विचारपूस करायची. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी घरीच नवजात बाळाची काळजी घेण्याची जी वाट घालून दिली, तिच्यावरूनच आम्ही चालतो. बाळांनी मला जे शिकवलं, त्यातलं थोडं सांगते.

१. बाळ आईला ओळखतच जन्माला येतं. १९८० साली अमेरिकेत डीकॅस्पर आणि फिफर यांनी तीन दिवसांच्या आतल्या बाळांना चोखणी दिली. ठरावीक लयीत चोखलं तर आईचा आवाज, नाहीतर परक्या बाईचा. बाळांनी आपली लय बदलून आईचाच आवाज मागून घेतला. सोयाबीन सोंगताना, कपाशी वेचताना आई जे बोलली, त्यातला सूर त्यानं पोटात ऐकलेला असतो. पोटुशीशी घरात कसं बोलतात, याकडे तेव्हापासून माझे कान असतात.

२. डोळ्यांआधी नाक. बाळाला वीतभर, फार तर सव्वा वीत अंतरावरचंच जरा बरं दिसतं, म्हणजे पदराखालून आईच्या तोंडापर्यंत. वास मात्र पहिल्या दिवसापासून कळतो. आईचा एक स्तन धुतला आणि दुसरा तसाच ठेवला, तर बहुतेक बाळं न धुतलेल्याकडे वळतात. म्हणून पाजण्याआधी साबण लावू नका, असं मी हात जोडून सांगते.

३. बाळाला शांतताच लागते असं नाही. १२ जानेवारीला जिजाऊंच्या जयंतीसाठी गाड्या निघतात, एकदम घोषणा होते आणि बाळ दोन्ही हात फेकून दचकतं. तेच बाळ रोजच्या भांड्यांच्या आवाजात गाढ झोपतं. पोटात तरी कुठं शांतता होती? आईच्या काळजाचे ठोके अखंड चालूच होते.

४. ऊब बापाचीही चालते. कमी वजनाचं बाळ उघड्या छातीशी धरायची पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, कारण तिथं काचेच्या पेट्या अपुऱ्या होत्या. आमच्याकडे थंडीत एखादा बाप लाजत सदऱ्याची बटणं काढतो आणि मग बाळ परत द्यायला तयार होत नाही.

५. रडणं म्हणजे दर वेळी भूक नव्हे. दुसऱ्या आठवड्यापासून रडणं वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यांत जास्त होतं, तेही बहुधा संध्याकाळी. माझी शेवटची भेट नेमकी तेव्हाच येते. आई जागून जागून थकलेली असते आणि सासू म्हणते, "हिचं दूध पुरत नसन, वरचं सुरू करा." दूध पुरतंय की नाही हे काट्यावर दिसतं, रडण्यावर नाही. मला भीती वाटते ती न रडणाऱ्या बाळाची: चोखणं सोडलेलं, अंग गार पडलेलं, आवाज क्षीण. तिथं एक मिनिटही थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. पण वजन वाढतंय, लघवी भरपूर होतेय आणि तरीही ते जोरात रडतंय, तर त्याला उचलून घ्यावं. एवढ्याशा जिवाला स्वतःला शांत करता येत नाही. ते काम त्याच्यासाठी दुसऱ्या कुणाच्या तरी अंगानं करायचं असतं. उचलून घेतल्यानं ते बिघडत नाही, हे सांगायला मला कंटाळा येत नाही. वजन लिहून झालं की मी बाळंतिणीला झोपायला पाठवते, बाळ खांद्यावर घेते आणि सासूबाईंशी बोलत बसते.