लांबी म्हणजे मोठी बाजू नव्हे!
कटिंगवाल्याशी भांडून झालं, पैसे काही परत मिळाले नाहीत. निदान तुमचे तरी वाचावेत, म्हणून लिहितोय.

वॉर्डरोबचं डिझाइन स्केचअपमध्ये केलेलं, कटिंगची यादी ओपनकटलिस्टमधून काढलेली. बोर्ड 18 मिमीचा प्रीलॅम, ग्रेन उभा. खालची शटरं 2100 बाय 450, ती सुरेख आली. वर लॉफ्टची लावायला घेतली, तर त्यांचा ग्रेन आडवा! मिस्त्री काही बोलले नाहीत. एक शटर हातात धरून नुसतं उभं-आडवं फिरवून दाखवलं. मापात सुताचाही फरक नाही, म्हणूनच तर एज बँडिंग होईपर्यंत कुणाला पत्ता लागला नाही.

यादी उघडली. मी लिहिलं होतं: लांबी 450, रुंदी 600. ग्रेनच्या बोर्डात लांबी म्हणजे ग्रेनच्या दिशेची बाजू, मग ती आखूड का असेना. कटिंगवाल्या गृहस्थांनी स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये भरताना ती 600 बाय 450 केली. विचारलं तर म्हणतात, "साहेब, लांबी रुंदीपेक्षा कमी कशी असेल? तुमची यादी उलटी होती, मी सुधारून घेतली." सुधारून! एक फोन करायला काय झालं होतं? वर "तुमची एक शीट वाचवली" हे उपकार वेगळेच. खालची शटरं वाचली ती काही त्यांच्या कृपेनं नाही. शीटची रुंदीच 1220, त्यात 2100 चा तुकडा आडवा बसणार कुठे?

तर, यादीत लांबीच्या रकान्यावर "ग्रेनच्या दिशेने" असं ठळक लिहा आणि तुकड्यापुढे "फिरवू नये". ओपनकटलिस्टमध्ये दिशा आपोआप ठरवणं चालू असेल तर ते मोठ्या बाजूलाच लांबी धरतं. अशा तुकड्यांसाठी ते बंद करून अक्ष स्वतः लावा. मटेरियलला ग्रेन असल्याची खूणही करा.

पण नुसत्या यादीवर विसंबू नका. पातं फिरण्याआधी कटिंग लेआउट मागवा आणि आखूड लांबीचा एखादा तुकडा त्यात कसा बसवलाय ते बघा. मला तो लेआउट मिळाला बिलासोबत!

माप एज बँडिंगच्या पट्टीसकट आहे की पट्टी वजा करून, हेही आधी ठरवा. 2 मिमीची पट्टी दोन्ही कडांना लागली की शटर 4 मिमीनं वाढतं. 18 मिमीचा प्लाय बऱ्याचदा भरतो कमी. व्हर्नियरनं मोजा, मगच मॉडेलमध्ये जाडी टाका.

बाकी नेहमीचंच: सगळं लेखी घ्या, पूर्ण पैसे आधी देऊ नका. आणि "सॉफ्टवेअरनंच असं लावलं" असं कुणी म्हणालं, तर त्यात आकडे कुणी भरले तेवढं विचारा.