केसांचा टोप आणि डोक्याची त्वचा



स्नेहसंमेलन जवळ आले की शाळेच्या कपाटातील जुनी पेटी बाहेर निघते. मावळ्यांचे केस, ऋषींच्या जटा, म्हातारीचा पांढरा अंबाडा, असे अनेक टोप तिच्यात असतात. तासाभरात मुले डोके खाजवू लागतात आणि टोप आधी उतरतो, संवाद नंतर संपतो. काही घरांत मात्र हा एका संध्याकाळचा प्रश्न नसतो. कर्करोगाच्या औषधांनी केस गेलेली आई किंवा चाई पडलेला मुलगा सकाळपासून संध्याकाळपर्यंत टोप घालतो. बार्शी, सोलापूर, हैदराबाद, कलबुर्गी येथे उपचाराला जाणारी कुटुंबे आपल्या हुमनाबाद परिसरातही आहेत. त्यांना औषधाची चिठ्ठी मिळते, परंतु टोप कसा वापरावा हे बहुधा कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

मराठी रंगभूमीला टोप नवा नाही. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' सादर केले. त्यानंतर कित्येक दशके स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. काही नट लांब केस राखत, काही टोप व गंगावन वापरत. बालगंधर्वांच्या काळातील संगीत नाटके रात्री उशिरापर्यंत रंगत. तेवढा वेळ ते ओझे डोक्यावर घेऊन गाणे सोपे नसणार!

टोपाचे केस कोठून येतात, हेही मुलांना ठाऊक असावे. गुंतवळ घेऊन त्याबदल्यात भांडे किंवा फुगा देणारे फेरीवाले आपण पाहिले आहेत. आपल्याच कल्याण कर्नाटकात कोप्पळजवळ भाग्यनगर येथे असे केस सोडवून, धुऊन, लांबीप्रमाणे वेगळे करण्याचा मोठा व्यवसाय आहे. तिरुमलला भाविकांनी अर्पण केलेले केसही लिलावाने विकले जातात. स्वस्त टोप मात्र कृत्रिम धाग्याचे असतात. असा टोप घालून चुलीजवळ किंवा गॅसजवळ वाकू नये. कढईच्या वाफेनेही धागा आखडतो, आणि ज्योत लागली तर तो वितळून त्वचेला चिकटतो.

आता मूळ प्रश्न. खाज का सुटते? डोक्याच्या त्वचेला घाम येतो, तेल सुटते. टोपाखाली हवा खेळत नाही. घाम, तेल व धूळ एकत्र साचून केसांची मुळे सुजतात आणि बारीक पुळ्या येतात. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा ४० च्या आसपास जातो, तेव्हा तर विचारूच नका. शिवाय केस गेलेल्या डोक्यावर टोपाची शिवण सरळ त्वचेवर घासते. उपाय साधा आहे. आत पातळ सुती टोपी घालावी. जुन्या मऊ धोतराची किंवा बनियनच्या कापडाची घरी शिवली तरी चालते, फक्त तिची शिवण बाहेरच्या बाजूस ठेवावी. अशा तीन-चार टोप्या असाव्यात आणि रोज धुतलेली घालावी.

टोप घेण्यापूर्वी माप घ्यावे. कपाळावरच्या केसांच्या रेषेपासून कानांच्या मागून मानेवरून फीत फिरवावी. प्रौढांचे माप बहुधा ५४ ते ५७ सेंटीमीटर भरते, मुलांचे त्याहून कमी. कपाळावर लाल वळ उठत असेल किंवा डोके दुखत असेल तर आतील पट्ट्या सैल कराव्यात. उपचारात केस गेल्यावर टोप ढिला होतो, हेही लक्षात ठेवावे. गोंद किंवा चिकटपट्टी वापरायची असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूस थोडी लावून एक-दोन दिवस पाहावे.

तेलाविषयी थोडे स्पष्ट लिहितो. डोक्याला भरपूर तेल थापणे ही आपली जुनी सवय, पण टोपाखाली ते बाधते. लावायचेच तर रात्री थोडेसे लावावे आणि सकाळी सौम्य शाम्पूने धुवावे. डोके पूर्ण कोरडे झाल्यावरच टोप घालावा. झोपताना तो काढावा, दिवसाही घरी असताना तासभर डोके उघडे ठेवावे. कृत्रिम टोप गार पाण्यात शाम्पूने धुवावा, पिळू नये, ओला असताना विंचरू नये, सावलीत वाळवावा. उन्हाळ्यात आठवड्याला एकदा धुणे बरे.

चाई संसर्गजन्य नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते, म्हणून केस गळतात. पुष्कळदा ते पुन्हा येतात. त्यावर कच्चा लसूण चोळू नये, त्वचा भाजते. याउलट खवले सुटणारा, तुटक्या केसांचा गोल चट्टा दिसला तर तो बुरशीचा असू शकतो. तो एकमेकांना लागतो आणि त्यास पोटात घेण्याचे औषध लागते. पू, ताप किंवा वाढती सूज असेल, विशेषतः कर्करोगाचे उपचार चालू असताना, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

शाळेपुरते दोन निर्णय कळवतो. वर्गात डोके झाकू नये हा नियम उपचार घेणाऱ्या विद्यार्थ्यास लागू नाही. त्याने टोप, रुमाल किंवा उघडे डोके, जे सोयीचे वाटेल ते ठेवावे. टोप सैल करण्यासाठी मधल्या सुट्टीत कार्यालयाशेजारची खोली त्याच्यासाठी मोकळी असेल. कोणाचा टोप गमतीने ओढला गेला तर ती गंमत समजली जाणार नाही.

दुसरे, संमेलनातील टोप एका मुलाच्या डोक्यावरून लगेच दुसऱ्याच्या डोक्यावर जाणार नाही. प्रत्येक पात्राने घरून स्वतःची सुती टोपी आणावी. वापरलेला टोप वाळवून बंद पिशवीत किमान तीन दिवस ठेवला जाईल, कारण उवा डोक्यावाचून साधारण दोन दिवसांपेक्षा जास्त जगत नाहीत. पेटीतील जटा यंदा धुऊन काढल्या आहेत. ऋषींना खाज सुटू नये, एवढी व्यवस्था केली आहे.