घानाचा बेत कोणत्या वारापासून आखावा?

प्रश्न : आम्ही चौघे दिवाळीच्या सुट्टीत दहा दिवस पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशात जाणार आहोत. वन्यप्राण्यांपेक्षा तिथली संस्कृती पाहण्याची इच्छा आहे. अक्रा, केप कोस्ट, कुमासी आणि तमाले ही चार शहरे नकाशावर जवळ दिसतात. पण क्रम कसा लावावा, कुठे किती दिवस द्यावेत, हे काही केल्या ठरत नाही. आमच्यातले दोघे शाकाहारी आहेत, हेही लक्षात घ्यावे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कोणते शहर आधी, कोणते नंतर आणि कुठे किती मुक्काम, हा आपला पेच आहे. तो सुटत नाही, कारण आपण नकाशा समोर घेऊन बसला आहात. घानासाठी आधी दिनदर्शिका उघडावी लागते. तिथले पाहण्यासारखे पुष्कळसे वाराला बांधलेले आहे. वार चुकला तर शहर दिसते, पण ज्यासाठी एवढ्या लांब गेलो ते राहून जाते.

तरी नकाशाचे काम आधी उरकून घेऊ. घानाचे क्षेत्रफळ सुमारे 2 लाख 38 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाऊणपटीहून थोडे अधिक. राजधानी अक्रा समुद्रकाठी आहे. तिथून कुमासी सुमारे 250 किलोमीटर, कुमासीहून केप कोस्ट सुमारे 220 आणि केप कोस्टहून परत अक्रा सुमारे 145. हा नीट त्रिकोण झाला. आल्या वाटेने परतावे लागत नाही. तमाले मात्र कुमासीच्या उत्तरेला आणखी 380 किलोमीटरवर आहे आणि लाराबांगाची प्रसिद्ध मातीची मशीद तमालेहूनही पश्चिमेला बरीच आत. जाण्यायेण्याचे दिवस वजा केले तर आपल्या हाती आठच दिवस उरतात. त्यातले दोन-तीन गाडीत घालवू नयेत. तमाले या वेळी सोडावे. अगदीच सोडवत नसेल तर अक्राहून विमानाने जावे आणि दुसरीकडचा एखादा मुक्काम कमी करावा.

आता दिनदर्शिका. कुमासी ही असांते लोकांची जुनी राजधानी. त्यांचा राजा, म्हणजे असांतेहेने, आजही तिथल्या मान्ह्या राजवाड्यात राहतो. देशाचे सरकार लोकांनी निवडलेले असले तरी परंपरेच्या बाबतीत त्याचा शब्द मोठा मानला जातो. ठरावीक रविवारी राजवाड्यात ‘अक्वासिदाए’ हा सोहळा होतो. पूर्वजांना नैवेद्य दाखवला जातो. मग मोठमोठ्या रंगीत छत्र्यांखाली, ढोल आणि शिंगांच्या गजरात राजा दरबारात बसतो आणि सोन्याने मढलेले सरदार येऊन त्याला मुजरा करतात. बाहेरच्या माणसालाही हे पाहता येते. घानात एकच गोष्ट पाहता येणार असेल, तर मी हीच निवडेन.

हा रविवार काढायचा कसा? पुष्कळांची समजूत असते की तो महिन्यातला पहिला किंवा शेवटचा रविवार असणार. तसे नाही. असांते ज्यांच्यात मोडतात त्या अकान लोकांच्या जुन्या कालगणनेत सात दिवसांच्या आठवड्याबरोबर सहा दिवसांचेही एक चक्र चालते. सहा आणि सातचा लसावि 42, म्हणून तीच जोडी 42 दिवसांनी पुन्हा जुळते. संकष्टी आणि मंगळवार एकत्र आले की आपल्याकडे अंगारकी होते, तशातलाच हा योग आहे. फरक इतकाच की अंगारकीसाठी पंचांग पाहावे लागते आणि अक्वासिदाए नेमाने दर सहा आठवड्यांनी येतो. वर्षात तो आठ किंवा नऊ वेळा पडतो. एक तारीख कळली की पुढच्या तुम्हीच मोजू शकाल. मात्र राजाचा प्रवास किंवा राजघराण्यातले सुतक यांमुळे कार्यक्रम बदलू शकतो, म्हणून निघण्यापूर्वी राजवाड्याच्या संग्रहालयाकडे चौकशी करावी. तो रविवार आपल्या सुट्टीत बसत नसेल, तर सुट्टी आठवडाभर पुढेमागे सरकते का ते आधी पाहा.

तारीख ठरली की बाकीचा बेत आपोआप जुळत जातो. शनिवारी कुमासीत पोहोचावे. त्या दिवशी गावभर लाल-काळ्या कपड्यांतली माणसे दिसतील. ती अंत्यविधीला निघालेली असतात. असांते समाजात तो बहुधा शनिवारी होतो आणि सारा गोतावळा लोटतो. रविवारी दरबार. सोमवारी केजेतियाचा बाजार आणि बोनवायर हे केंटे कापड विणणाऱ्यांचे गाव. तिथे मागावर तळहाताएवढ्या रुंदीच्या लांब पट्ट्या विणतात आणि मग त्या शेजारी शेजारी शिवून वस्त्र तयार करतात. 2024 मध्ये युनेस्कोने ही कला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

मान्ह्याचे संग्रहालय अर्ध्या दिवसाचा वेळ मागते. ती इमारत 1925 सालची आहे हे ऐकून काहींचा विरस होतो. पण जुना राजवाडा उरलाच नाही, कारण 1874 च्या युद्धात इंग्रजांनी तो लुटला आणि सुरुंग लावून उडवला. पुढे 1896 मध्ये त्यांनी राजा प्रेंपे याला कैद केले आणि नंतर सेशेल्स बेटांवर धाडले. तो 1924 मध्ये परतला, तेव्हा त्याच्यासाठी हे घर बांधले गेले. त्या लुटीतले काही दागिने 2024 मध्ये लंडनच्या दोन संग्रहालयांनी कुमासीला पाठवले, तेही उसने. ज्यांचे त्यांना उसने द्यावे, हे मला मुळीच पटत नाही.

मंगळवारी केप कोस्टकडे निघावे. बहुतेक प्रवासी आधी किनारा करतात आणि मग कुमासीला जातात. मी उलट सांगतो, त्याला कारण आहे. गुलाम म्हणून पकडलेल्या माणसांना देशाच्या आतल्या भागातून किनाऱ्याकडे याच दिशेने चालवत नेत. वाटेत असिन मान्सो लागते. तिथल्या ओढ्यात त्यांना शेवटची आंघोळ घालून विक्रीसाठी तयार करत. तिथे थांबून मग केप कोस्टच्या किल्ल्यात गेलात, तर किल्ला नीट कळेल.

इथे आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘केप कोस्ट कॅसल’ या नावावरून तो स्थानिक राजाचा किल्ला वाटतो. तो युरोपियनांचा व्यापारी कोट आहे. शेजारच्या एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी 1482 मध्ये बांधला, 1637 मध्ये तो डचांनी घेतला आणि 1872 मध्ये तो इंग्रजांकडे गेला. सुरुवातीला व्यापार सोन्याचा होता. पुढे माणसांचा झाला. असांते राज्यानेही युद्धकैदी विकले, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. केप कोस्टला पुरुषांच्या अंधारकोठडीच्या वरच प्रार्थनाघर होते. तिथे उभे राहिल्यावर बोलावेसे वाटत नाही. त्या दिवशी दुसरे काही ठरवू नका. एल्मिनाचे मासेमारी बंदर बुधवारी किंवा त्यानंतर पाहावे, कारण मंगळवारी कोळी समुद्रात जात नाहीत.

उरलेले दिवस अक्राला. जेम्सटाउनची जुनी वस्ती आणि 6 मार्च 1957 रोजी जिथे क्वामे एन्क्रुमा यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली त्या जागेवरचे त्यांचे स्मारक चुकवू नका. दिवाळीची सुट्टी निवडलीत हे फार बरे झाले. मे महिन्यात तिथे पावसाळा असतो, शिवाय होमोवो सणाआधी साधारण मे-जूनमध्ये गा लोकांच्या प्रथेनुसार अक्रात महिनाभर ढोल वाजवायला बंदी असते.

शाकाहारी मंडळींनी ‘रेड रेड’ मागावे. ती पामतेलातली चवळी असते आणि बरोबर तळलेली पिकली राजेळीसारखी केळी. ‘वाचे’ म्हणजे चवळीभात. पण त्यावरच्या ‘शितो’ चटणीत सुकी मासळी असते, ती नको म्हणून आधीच सांगावे. ‘मटण नको’ एवढे सांगून भागत नाही, ‘मासेही नकोत’ असे वेगळे सांगावे लागते. आणि पैसे किंवा वस्तू देताना उजवाच हात पुढे करा.

शेवटी पीतज्वराची लस. ती फक्त घानात शिरण्यासाठी लागते असे लोक समजतात. परत येताना भारतातही तिचे प्रमाणपत्र मागतात आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते आणि आयुष्यभर चालते. कुणाचे वय साठच्या पुढे असेल किंवा कुणाला अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला आणि त्याच भेटीत हिवतापाच्या गोळ्यांचेही विचारून घ्या.