‘लॉर्ड’ : भाकरीचा राखणदार

सकाळी उठायला उशीर झाला की आई भाकरी थापता थापता विचारते, “उठले का आमचे लाटसाहेब?” हा ‘लाट’ म्हणजे इंग्रजी ‘लॉर्ड’; इंग्रज गव्हर्नर-जनरलला आपल्या लोकांनी दिलेले नाव, एवढे मला ठाऊक होते. परंतु खुद्द ‘लॉर्ड’ कोठून आला, हे ग्रंथालयातला जाड शब्दकोश उघडला तेव्हा कळले.

हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या शब्दाचे मूळ रूप ‘ह्लाफवेअर्ड’ असे होते. ‘ह्लाफ’ म्हणजे पाव. आजचा ‘लोफ’ तोच. ‘वेअर्ड’ म्हणजे राखणारा. आजचा ‘वॉर्ड’ तोच. म्हणजे लॉर्ड हा मुळात भाकरीचा राखणदार! त्याचे ‘ह्लाफोर्ड’ झाले, आरंभीचा ‘ह’ गळाला, ‘फ’चा ‘व’ होऊन तोही विरला आणि ‘लॉर्ड’ उरला. ‘लेडी’ ही त्याचीच जोडीदारीण. तिचे जुने रूप ‘ह्लॅफदिये’, म्हणजे पावाची कणीक मळणारी.

या घरात तिसराही एक शब्द होता : ‘ह्लाफएटा’, भाकरी खाणारा, म्हणजे धन्याच्या अन्नावर पोसलेला चाकर. सातव्या शतकाच्या आरंभी केंटचा राजा एथेलबर्ट याने केलेल्या कायद्यात तो आढळतो. सामान्य शेतकऱ्याचा असा चाकर कोणी मारला तर 6 शिलिंग भरपाई द्यावी, असे त्यात म्हटले आहे. आपण ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ म्हणतो, त्याच जातीचे हे नाते.

पुढे ‘लॉर्ड’ राजाला लागला, परमेश्वराला लागला, पार्लमेंटच्या एका सभागृहाचे नाव झाला. ‘लेडी’ही दिवाणखान्यात जाऊन बसली. ‘ह्लाफएटा’ मात्र नाहीसा झाला. मला यात शब्दाच्या अर्थापेक्षा अधिक काही दिसते. लॉर्ड ही आधी पदवी नव्हती, जबाबदारी होती. घरातल्या सर्वांच्या पोटाची जबाबदारी. मान वाढत गेला तशी शब्दातली भाकरी दिसेनाशी झाली. आपल्या ‘पोशिंदा’ शब्दातले पोसणे अजून स्पष्ट ऐकू येते. पण ज्या शेतकऱ्याला आपण जगाचा पोशिंदा म्हणतो, त्याला मान किती देतो?

हे सारे मी आईला सांगितले. तिने विचारले, “राखणारा लाट, मग थापणारी कोण?”

“लेडी.”

“आणि नुसता खाणारा?”

“तो शब्द आता कोणी वापरत नाही,” असे म्हणून मी घागर उचलली आणि पाण्याला गेलो.