उन्हाळी अभ्यासवर्गाचा अर्ज : गुणपत्रिकेपलीकडची कसोटी

शालान्त परीक्षांत उत्तम गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांची आपल्या देशात वाण नाही. उत्तर ठाऊक नसलेल्या एखाद्या प्रश्नाजवळ आठवडाभर थांबण्याची सवय मात्र फार थोड्यांना लागते. कारण आपल्या परीक्षापद्धतीत तिला गुण नाहीत. ही सवय असलेल्या मुलांचा शोध घेणारे जे उपक्रम आहेत, त्यांत काही विद्यापीठांनी शालेय विद्यार्थ्यांसाठी चालविलेल्या उन्हाळी निवासी अभ्यासवर्गांचे स्थान महत्त्वाचे आहे. या वर्गांचे प्रवेश मोजके असतात आणि अर्जाचे स्वरूप आपल्या विद्यार्थ्यांना सर्वस्वी अनोळखी असते. परिणामी अनेक लायक विद्यार्थी अर्जच करीत नाहीत, किंवा करतात तेव्हा गुणपत्रिका व प्रशस्तिपत्रांची चळत जोडून मोकळे होतात. प्रस्तुत लेखात गणिताच्या अभ्यासवर्गांचे उदाहरण घेऊन हा अर्ज नेमके काय मागतो, याचा विचार केला आहे.

एका परंपरेचा आरंभ

गणितज्ञ अर्नोल्ड रॉस यांनी १९५७ साली अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठात शालेय विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी वर्ग सुरू केला. १९६४ मध्ये तो ओहायो राज्य विद्यापीठात गेला आणि रॉस यांनी तो २००० सालापर्यंत स्वतः चालविला. याच परंपरेत वाढलेल्या ग्लेन स्टीव्हन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये बोस्टन विद्यापीठात ‘प्रॉमिस’ हा अभ्यासवर्ग उभा केला. अलीकडे त्याचीच एक शाखा बेंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेत भरू लागली आहे.

या वर्गांत सहा आठवडे प्रामुख्याने अंकशास्त्र, म्हणजे पूर्णांकांच्या गुणधर्मांचा अभ्यास चालतो. विषय साधा वाटतो. पाचवीतल्या मुलालाही विषम, मूळ, विभाज्य हे शब्द ठाऊक असतात. परंतु येथे सिद्धांत फळ्यावर आयता मांडला जात नाही. रोज प्रश्नांचा एक संच हाती येतो, उदाहरणे तपासून विद्यार्थ्याने स्वतःच अनुमान बांधावयाचे आणि नंतर ते सिद्ध करावयाचे, अशी पद्धत आहे. प्रवेशाचा अर्जही याच पद्धतीने बेतलेला असतो. शिक्षकाचे शिफारसपत्र, शाळेची गुणपत्रिका, स्वतःविषयीच्या काही प्रश्नांची लेखी उत्तरे हे भाग आहेतच. परंतु निवडीचा कणा म्हणजे अर्जासोबत दिलेला प्रश्नसंच. तो घरी बसून, कित्येक दिवस घेऊन सोडवावयाचा असतो.

प्रश्नसंच कसा हाताळावा

प्रत्यक्ष अर्जातील प्रश्नांची चर्चा करणे उचित नाही. म्हणून त्याच जातकुळीचा, गणितप्रेमींत फार पूर्वीपासून प्रचलित असलेला एक प्रश्न घेऊ : दोन किंवा अधिक क्रमागत नैसर्गिक संख्यांची बेरीज म्हणून कोणकोणत्या संख्या लिहिता येतात?

सूत्र आठवू पाहणारा विद्यार्थी येथेच अडतो. जो कागद घेऊन मांडू लागतो, त्याला दिसते की ३ म्हणजे १+२, ५ म्हणजे २+३, ६ म्हणजे १+२+३, ७ म्हणजे ३+४. पुढे ९, १०, ११, १२ हेही जमतात. १४ साठी २+३+४+५ सापडते. मात्र १, २, ४, ८ काही केल्या जमत नाहीत, आणि १६ पाशी गाडी पुन्हा अडते. न जमलेल्या संख्या एका ओळीत लिहिल्या की अनुमान आपोआप पुढे येते : एकापासून आरंभ करून सतत दुप्पट करीत गेल्यावर मिळणाऱ्या संख्या वगळता बाकी सर्व संख्या अशा लिहिता येत असाव्यात.

बहुसंख्य विद्यार्थी इथे थांबतात आणि ‘उत्तर’ म्हणून हे वाक्य लिहितात. अर्ज वाचणाऱ्याच्या दृष्टीने खरे काम येथून सुरू होते. एकाहून मोठ्या विषम संख्यांचे कोडे लगेच सुटते, कारण अशी प्रत्येक संख्या दोन लगतच्या संख्यांची बेरीज असतेच. दुपटीच्या संख्या का जमत नाहीत, हे दाखविण्यासाठी थोडे थांबावे लागते. क्रमागत संख्यांच्या बेरजेची दुप्पट म्हणजे पदांची संख्या गुणिले पहिल्या व शेवटच्या पदाची बेरीज. पदांची संख्या विषम असेल, तर एक विषम अवयव तेथेच मिळाला. ती सम असेल, तर पहिल्या व शेवटच्या पदातील अंतर विषम येते आणि म्हणून त्यांची बेरीजही विषम येते. म्हणजे कोणत्याही परिस्थितीत त्या गुणाकारात एकाहून मोठा विषम अवयव असतोच. केवळ दोनाच्याच गुणाकारांनी बनलेल्या संख्येची दुप्पट केली, तरी तिच्यात असा अवयव येऊ शकत नाही. सबब या संख्या वगळल्या जातात.

उरलेल्या सम संख्या, उदाहरणार्थ १२, १४, १८, २०, नेहमीच जमतात का? हा भाग विद्यार्थ्याला सुटला नाही असे समजू. मग त्याने तसे स्वच्छ लिहावे : अमुक इतके सिद्ध झाले, अमुक संख्येपर्यंत तपासून पाहिले, पुढचे सिद्ध करता आले नाही, मी या दोन वाटांनी प्रयत्न केला आणि त्या अमुक ठिकाणी खुंटल्या. आपल्या शाळांत असे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहिणे म्हणजे पराभवाची कबुली समजली जाते. या अर्जात मात्र ते जमेच्या बाजूस धरले जाते. सर्व प्रश्न सुटलेच पाहिजेत अशी अपेक्षा तेथे नसते. विचाराचा माग मात्र कागदावर दिसावा लागतो. झाकपाक करून लिहिलेली सिद्धता अनुभवी वाचकाच्या नजरेतून सुटत नाही, आणि एका ठिकाणची लपवाछपवी उरलेल्या प्रामाणिक कामावरही शंका आणते.

येथे एक धोक्याची सूचना आवश्यक आहे. प्रश्नसंच हे सर्वस्वी विद्यार्थ्याचे स्वतःचे काम असावे, अशी अट असते. शिकवणीच्या शिक्षकाकडून, मित्राकडून किंवा हल्ली सहज उपलब्ध असलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून उत्तरे मिळविणे हा नियमभंग तर आहेच, शिवाय तो आत्मघातही आहे. अशा रीतीने आत गेलेला विद्यार्थी पहिल्या आठवड्यातच एकटा पडेल.

शिफारसपत्र आणि भाषा

‘हा विद्यार्थी हुशार, आज्ञाधारक व सुस्वभावी आहे’ हे आपल्याकडील शिफारसपत्रातील ठरीव वाक्य आहे. त्यातून वाचणाऱ्यास काहीही कळत नाही. वर्गात त्याने कोणता प्रश्न विचारला, पुस्तकातील रीत बाजूस ठेवून कोणते उदाहरण वेगळ्या मार्गाने सोडविले, चूक दाखविल्यावर त्याने काय केले, असा एखादा प्रसंग चार ओळींत आला तर पत्राला वजन येते. यासाठी विद्यार्थ्याने शिक्षकांना किमान महिनाभर आधी भेटावे आणि आपले काम त्यांना दाखवावे. आदल्या दिवशी सहीसाठी कागद पुढे करू नये.

मराठी किंवा अन्य भारतीय भाषांतून शिकलेल्या मुलांना इंग्रजीची धास्ती वाटते. ती अगदीच निराधार नाही, कारण वर्गातील व्याख्याने व चर्चा इंग्रजीतच होतात. परंतु सिद्धता लिहिण्यासाठी अलंकारिक इंग्रजी लागत नाही. ‘समजा’, ‘म्हणून’, ‘याउलट’, ‘प्रत्येक’, ‘किमान एक’ अशा मोजक्या शब्दांचे अचूक प्रतिशब्द आणि लहान वाक्ये एवढ्यावर काम भागते. आधी मातृभाषेत विचार पक्का करून मग तो इंग्रजीत उतरविणे, हा मार्ग उपयुक्त ठरतो.

खर्च, वेळापत्रक आणि संधीची विषमता

नामवंत विद्यापीठाचे नाव धारण करणारे सर्वच उन्हाळी वर्ग निवडक असतात, असा समज करून घेऊ नये. हजारो डॉलर शुल्क घेऊन जवळजवळ प्रत्येक अर्जदारास सामावून घेणारेही अनेक आहेत. अर्जात विद्यार्थ्याच्या स्वतःच्या कामाची मागणीच नसेल, तर पालकांनी कर्ज काढण्यापूर्वी दोनदा विचार करावा. वर उल्लेखिलेल्या अभ्यासवर्गांत गरजेनुसार अर्थसाहाय्याची तरतूद असते, मात्र त्यासाठी वेगळी माहिती वेळेत द्यावी लागते. परदेशी वर्ग साधारणतः जुलैच्या आगेमागे भरतात आणि तोवर आपल्याकडील बहुतेक शाळा सुरू झालेल्या असतात. तेव्हा शाळेची अनुमती आधीच घ्यावी हे उत्तम.

देशांतर्गत संधींचा मार्ग याहून वेगळा आहे. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १९९९ मध्ये सुरू केलेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ मध्ये ‘इन्स्पायर’ योजनेत विलीन झाली. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे ऑलिंपियाडच्या निवडप्रक्रियेची धुरा आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २०१९ मध्ये नववीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘युविका’ हा निवासी उपक्रम सुरू केला. तो विद्यापीठाचा नसला, तरी त्याची निवडपद्धती येथे मुद्दाम पाहण्याजोगी आहे. त्याच्या अलीकडच्या वर्षांतील अधिसूचनांत आठवीच्या गुणांना ५० टक्के, ऑनलाइन प्रश्नमंजूषेला १० टक्के, विज्ञान प्रदर्शनातील सहभागास स्तरानुसार कमाल १० टक्के आणि पंचायत क्षेत्रातील शाळेत शिकत असल्यास १५ टक्के असा भारांश आढळतो. उरलेला भाग स्पर्धा, क्रीडा, स्काउट-गाइड व छात्रसेना यांसाठी आहे.

हे १५ टक्के म्हणजे दया नव्हे. ज्या शाळेत प्रयोगशाळेचे कुलूप वर्षातून दोनदा उघडते, तेथे मिळविलेल्या गुणांचे खरे मोल त्यातून मोजले जाते. अडचण अशी की हा लाभ घेण्यासाठी आधी अधिसूचना त्या शाळेपर्यंत पोहोचावी लागते आणि मुख्याध्यापकांनी दाखला वेळेवर द्यावा लागतो. शहरातील पालक संकेतस्थळ पाहून मुदत टिपून ठेवतात. पंचायतीच्या शाळेतील मुलीला ती मुदत बहुधा उलटून गेल्यावर कळते. गणिताच्या प्रश्नसंचाची पद्धत विचारशक्ती अधिक नेमकेपणाने पारखते, पण शिकण्याच्या परिस्थितीचा असा उघड हिशेब ती मांडत नाही. तेथे शिक्षकाचे पत्र हाच एक मार्ग उरतो. शाळेत ग्रंथालय नाही, घरी शेतीची कामे आहेत, ही वस्तुस्थिती पत्रात तक्रारीच्या सुराविना नमूद करणे हे शिक्षकाचे कर्तव्यच होय.

अर्ज साधारणतः जानेवारी ते मार्च या काळात मागविले जातात. नेमका हाच आपल्याकडील परीक्षांचा हंगाम असल्याने फेब्रुवारीत प्रथमच प्रश्नसंच उघडणाऱ्या दहावीच्या विद्यार्थ्यास न्याय मिळणे अवघड आहे. पूर्वतयारी दिवाळीच्या सुट्टीत सुरू व्हावी. एक स्वतंत्र वही घ्यावी, आठवड्याला एकच प्रश्न निवडावा आणि फसलेले प्रयत्नही न खोडता तारखेसह तीत ठेवावेत. वर अर्धवट सोडलेला सम संख्यांचा भाग पहिल्या आठवड्यासाठी घ्यावयास हरकत नाही.